मोडकळीला आलेलं घर घ्यायचं, उभं करायचं आणि विकायचं: कोकणात हे परवडतं का?

पागोळी

नमस्कार मंडळी.

संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या अलीकडे एका वाडीत चिऱ्याचं (जांभा दगडाचं) जुनं घर विकायला निघालंय. ओटी, माजघर, वर माळा, मागे पडवी, पुढे अंगण, परसात चार माड आणि विहीर सामाईक. पडवीचं छप्पर बसलंय, आढ्याला वाळवी आहे, पण मुख्य भिंती सरळ उभ्या आहेत. मालक मंडळी सगळी मुंबईला. गणपतीलासुद्धा गेली काही वर्षं कुणी घर उघडत नाही.

मागतायत १८ लाख. दुरुस्तीला १४ धरले आहेत. पुण्या-मुंबईचा कुणीतरी हौशी माणूस तयार घराला ४५ देईल असा माझा अंदाज आहे. दोन वर्षांत विकून पुढचं घर घ्यायचं, असं करत जावं हा विचार. मी राहतो डोंबिवलीत, शेतकरी दाखला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पडून मातीत जाणारं घर कुणी पैसे कमावण्यासाठी का होईना उभं केलं, तर ते चांगलंच आहे. पण हिशोब बसतो का? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

कौलारू

धागा चांगला काढलात. पहिला प्रश्न: घर गावठाणात आहे की सातबाऱ्यावर? तुमच्या पूर्ण योजनेचं उत्तर त्यात आहे.

पागोळी

ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दाखवला त्यांनी. सातबारा "काढून देतो" म्हणालेत.

कौलारू

मग १८ लाखांवर घासाघीस इथेच थांबवा. असेसमेंट उतारा म्हणजे घरपट्टी कोण भरतो त्याची नोंद. मालकी त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याकडे कितीतरी घरं अशी आहेत की उतारा एकाच्या नावावर, खालची जमीन दुसऱ्याच्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात कूळ म्हणून नाव तिसऱ्याचंच.

गावठाणात असेल तर एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक तयार झालं असण्याची शक्यता आहे, ते बघा. सातबाऱ्यावर असेल आणि जमीन बिनशेती नसेल, तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं: शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. घर घ्याल, पण अंगण, माड आणि विहिरीतला वाटा घेता येणार नाही. उद्या तुमच्याकडून घेणारा "हौशी माणूस"ही बहुधा बिगरशेतकरीच असणार. म्हणजे तुम्हाला येणारी अडचण त्यालाही येणार आणि गिऱ्हाइकं तिथेच निम्मी होणार.

परसदार

+१. आणि "मालक मंडळी सगळी मुंबईला" या वाक्यात "मंडळी" किती ते विचारा. आमच्या शेजारच्या घराच्या सातबाऱ्यावर चाळीसच्या वर नावं आहेत, त्यातले बरेच हयात नाहीत.

ब्रिकबॅट

मी पुण्यात जुने फ्लॅट घेऊन दुरुस्त करून विकतो. १९८० ते ९५ मधल्या इमारती, कर्वेनगर, सहकारनगर, सिंहगड रस्ता. पागोळी, तुम्ही १८ + १४ = ३२ आणि विक्री ४५, म्हणजे १३ लाख नफा असं धरलंय ना? या धंद्यात नवीन येणारा प्रत्येक जण तीच बेरीज करतो. मधे काय काय असतं ते माझ्या नेहमीच्या एका व्यवहाराच्या अंदाजाने सांगतो.

फ्लॅट ५० लाखांना. पुण्यात मुद्रांक शुल्क, मेट्रो अधिभार वगैरे धरून ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख (बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट). नोंदणी ३० हजार. सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार; महापालिका हद्दीत याहून जास्त मागता येत नाही, "देणगी" मागितली तर परिपत्रक दाखवा. घेतानाची दलाली ५० हजार. दुरुस्ती ८ लाख. चौदा महिन्यांचं कर्जाचं व्याज, मेंटेनन्स, मिळकतकर मिळून सव्वादोन लाख. विकताना ७० लाखांवर दलाली ७० हजार.

बेरीज साडेपासष्ट लाख. राहिले साडेचार. चोवीस महिन्यांच्या आत विकला म्हणून नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून एक लाख चाळीस हजार गेले. हातात तीन लाख दहा हजार. चौदा महिने धावपळ, डोक्याला ताप, आणि स्वतःचे चाळीस लाख अडकलेले असतील तर ७ टक्क्यांच्या ठेवीतही करापूर्वी तेवढंच व्याज मिळालं असतं.

म्हणून मी फ्लॅट ५० लाखांत मिळत असेल तर घेतच नाही, ४४-४५ ला मिळाला तर घेतो. नफा घेताना होतो, विकताना तो फक्त मोजायचा.

उंबरठा

ब्रिकबॅट, हिशोब डोळे उघडणारा आहे. पण २४ महिने थांबलात तर?

ब्रिकबॅट

मग दीर्घ मुदतीचा नफा, १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाचा फायदा नवीन खरेदीला मिळत नाही. पण दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीत धरता येतो, पक्की बिलं असतील तर. गवंड्याला रोख, सुताराला रोख, टाईल्स "बिलाशिवाय स्वस्त" असं केलंत की तो सगळा खर्च कर खात्याच्या लेखी झालाच नाही. जीएसटी वाचवून त्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे रोज भेटतात. आणि वर्षाला दोन-तीन घरं फिरवायला लागलात तर तो भांडवली नफा न राहता धंद्याचं उत्पन्न ठरू शकतो. सीए आधी गाठा, नंतर नको.

आंबोळी

घर बघूचा तर आषाढात बघा. वैशाखात सगळीच घरां बरी दिसतत.

रंधा

आंबोळीताईंनी एका ओळीत सगळं सांगितलं. त्यांच्या म्हणण्यातच माझं थोडं जोडतो. मी जुन्या घरांच्या लाकूडकामात आणि छपरांत वीस वर्षं आहे, रत्नागिरी-राजापूर भागात.

पागोळी, "मुख्य भिंती सरळ उभ्या आहेत" हे चांगलं, पण त्या मातीत बांधलेल्या आहेत की चुन्यात? जुना चिरा बऱ्याचदा मातीच्या दर्जांत (दगडांमधल्या सांध्यांत) बसवलेला असतो. छप्पर गळायला लागलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं, माती धुपते, बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून पोकळ. भिंतीच्या माथ्यावर चढून बघा, जमिनीवर उभं राहून कळणार नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. एक पावसाळा उघड्या माथ्याने काढलेली भिंत आणि पाच काढलेली भिंत यांच्या दुरुस्तीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, आढ्याला वाळवी असेल तर ती आढ्यात जन्मली नाही, जमिनीतून भिंतीतून वर गेली. आढं बदलून उपयोग नाही. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं, मग लाकडाचं काम. वासे-रिपा ठोकून बघा, बद्द आवाज आला की तो गेला. पण सगळं लाकूड टाकायची घाई करू नका. जुना साग, फणस, किंजळ आतून शाबूत असतो, टोकं कुजलेली असतात. टोक कापून नवीन जोड देता येतो. हे काम करणारे सुतार थोडे उरलेत, पण आहेत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो. बाहेरून सिमेंटने तोंड बांधलं की ओल आत अडकते, दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटतात, पायथ्याशी शेवाळ येतं. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकाला पहिली ती ओलच दिसते. चुन्याचा गिलावा करा किंवा चिरा उघडा ठेवून फक्त दर्जा भरा. उघडा चिरा आता शहरातल्या लोकांना आवडतोही.

चौकट

रंधा, चुन्याचं काम करणारे मिळतात का हो? आणि खर्च?

रंधा

मिळतात, वाट बघावी लागते. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत अजून चालू आहे. सिमेंटपेक्षा महाग पडतं, मुख्य म्हणजे वेळ खातं. दसऱ्यानंतर काम सुरू करा, छप्पर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद झालंच पाहिजे. मधे शिमग्याला आठ-दहा दिवस माणूस मिळणार नाही, आंब्याच्या हंगामात तर निम्मे गडी बागेत. म्हणजे वर्षाचे सात महिने हाताशी आणि त्यातले पाचच खरे कामाचे. दोन वर्षांत घेऊन, बांधून, विकून मोकळं होणं कठीण आहे.

परसदार

कौलं शाकारणारा चांगला गडी मिळाला तर त्याला गावातलीच मुलगी बघा, निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलणार नाही. :)

क्लीव्हलँडकर

इकडे ओहायोत हा मोठा धंदाच आहे, मी नोकरी सांभाळून करते. घर तयार झाल्यावर कितीला जाईल ती किंमत धरायची, तिचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. राहील त्याहून जास्त बोली लावायची नाही. तयार किंमत दोन लाख डॉलर, दुरुस्ती चाळीस हजार, तर जास्तीत जास्त एक लाख. मधल्या तीस टक्क्यांत व्याज, दलाली, कर, विमा आणि नफा सगळं बसवायचं.

पागोळी, तुमच्या घराला हे लावा: ४५ चे ७० टक्के साडेएकतीस, वजा १४, म्हणजे साडेसतरा. काठावर आहे. पण ते ४५ कुठून आले?

इथेही सोपं नाही बरं. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, तो खरवडायला प्रमाणपत्र असलेला ठेकेदार लागतो. गटाराच्या जुन्या मातीच्या नळात झाडांची मुळं गेलेली असतात, म्हणून खरेदीआधी मी नळात कॅमेरा घालून बघतेच. अल्पमुदतीच्या खासगी कर्जाचं व्याज सहज १० टक्क्यांच्या वर. आणि मोठ्यांचं काय झालं तेही बघा. देशभरातल्या घरांच्या किमतींची माहिती हाताशी असलेल्या झिलो कंपनीने घरं घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकायचा उद्योग काढला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळावा लागला, त्याआधीच्या तिमाहीत घरांच्या साठ्याची किंमत ३० कोटी डॉलरनी कमी करून दाखवावी लागली. गणिताचे मोठे मोठे लोक पगारावर असून "हे घर सहा महिन्यांनी कितीला जाईल" याचा अंदाज चुकला.

ब्रिकबॅट

"ते ४५ कुठून आले?"

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. पागोळी, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या गावातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन बघता येते. गेल्या तीन-चार वर्षांत तिथे दुरुस्त केलेलं घर किती वेळा आणि कितीला विकलं गेलं ते काढा. जाहिरातीतल्या किमती बघू नका, त्या मागणाऱ्याच्या इच्छा असतात.

ओसरी

अवांतर होईल, पण जपानचा अनुभव लिहिते. इथे रिकाम्या घरांना अकिया म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत अशी ९० लाख घरं निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. खेड्यात अक्षरशः फुकटाच्या जवळपास मिळतात. मग लोक घेऊन विकत का नाहीत? कारण घेणारा कोणी नाही. लाकडी घराची किंमत इथे वयाबरोबर उतरत जाते, त्यात १९८१ च्या भूकंप नियमांच्या आधीचं असेल तर मजबुतीकरणाचा खर्च वेगळा. स्वस्त घर आणि चांगली गुंतवणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी इथे रोज बघते. वारसांची अडचण इथेही इतकी की एप्रिल २०२४ पासून वारसाने नोंदणी करणं सक्तीचं केलं.

माजघर

मला हा सगळा विषयच खटकतोय, स्पष्ट लिहिते.

आमच्या गावात गेल्या काही वर्षांत अशी घरं "गुंतवणूकदारांनी" घेतली. पहिलं काम काय केलं? खांब, तुळया, कोरीव दारं उचलून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकली. मग पत्रे, चकचकीत फरशा, लोखंडी फाटक. वर्षातले पंधरा दिवस गाड्या येतात, एरवी कुलूप. विहिरीवर मोटर बसवून शेजाऱ्यांचं पाणी तोडलं. घर उभं राहिलं म्हणता, मला तर ते गेलेलंच दिसतं.

पागोळी

माजघर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. खांब काढून विकायचा विचार माझ्या मनातही नाही. पण मला सांगा, मी घेतलं नाही तर त्या घराचं काय होईल? दोन पावसाळ्यांत उरलेलं छप्पर खाली येईल. घरच्यांना ते नकोय.

माजघर

तेही खरं आहे. आमचंच घर आम्ही भावंडांनी मिळून कसंबसं राखलंय. तुम्ही घेतलंत तर विहिरीचं पाणी आणि पाखाडीची वाट आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या. कागदावर असो वा नसो. गाव सोबत असेल तर काम होईल, नाहीतर गाडी वाळू घेऊन वरच्या रस्त्यावरच उभी राहील.

बाल्कांव

गोव्यातून एक भर. इथल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांना (शिंपल्यांच्या खिडक्या, बाल्कांव म्हणजे दारापुढची बाकांची ओसरी) गिऱ्हाईक भरपूर आहे, दिल्ली-बंगळुरूचेही. तरी व्यवहार अडतात, कारण इथल्या समान नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते. प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. पाच भावंडं म्हणजे दहा सह्या, त्यातल्या तीन लिस्बनला आणि दोन टोरांटोला. शिवाय आवारात मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत राहत आलेल्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला काढता येत नाही आणि काढूही नये. दुरुस्तीचा खर्च आम्ही तिसऱ्या नंबरवर धरतो. आधी वारस, मग मुंडकार, मग छप्पर.

उंबरठा

मुंबईत आमच्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या) खोलीबाबतही एकाने "नूतनीकरण करून विकू" अशी योजना आणली होती. भाडेकरूचा हक्क विकायचा, मालकाची संमती आणि त्याचा वाटा द्यायचा, वर बँक कर्ज देत नाही. सोडून दिलं.

कौलारू

उंबरठा यांनी कर्जाचा मुद्दा काढला, तो पागोळींनाही लागू आहे. ग्रामपंचायत हद्दीतलं मंजूर नकाशा नसलेलं जुनं घर बँका सहसा तारण घेत नाहीत. म्हणजे ४५ लाख देणारा सगळे स्वतःचे देणारा हवा. शहरातला फ्लॅट २० टक्के रोख आणि बाकी कर्जावर घेणारे शंभर जण असतात. इथे कर्ज न काढता ४५ लाख मोजणारा, ज्याला देवरुखजवळच घर हवंय, ज्याला माड नसले तरी चालतात आणि ज्याची बायको-मुलं तयार आहेत, असा एक शोधायचा.

म्हणून मला वाटतं, विकण्याचा विचार बाजूला ठेवून निवास-न्याहारीसाठी चालवायचा हिशोब मांडा. मार्लेश्वर, संगमेश्वरचं कर्णेश्वर मंदिर, गणपतीपुळे, सगळं गाडीच्या टप्प्यात. चालवायला गावातलंच कुटुंब हवं, बाहेरचा व्यवस्थापक ठेवून जमत नाही.

क्लीव्हलँडकर

किंवा घेऊच नका, दुरुस्तीचं कंत्राट घ्या! ज्या चाकरमान्यांना घर विकायचं नाही पण पडूही द्यायचं नाही, अशांसाठी देखरेख ठेवून काम करून देणारा विश्वासाचा माणूस हवाच असतो. मीच गिऱ्हाईक आहे, आमचं लांज्याकडचं घर गळतंय.

रंधा

क्लीव्हलँडकर, हे लाखाचं बोललात. मला असे फोन सतत येतात आणि मी एकटा पुरत नाही.

पागोळी

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. दरम्यान सातबारा मिळाला. कौलारूंनी सांगितल्याप्रमाणे तपासला: घर आणि परसू एकाच गटात, बिनशेती नाही. नावं नऊ, त्यातले दोघे मयत, वारस नोंद झालेली नाही. मला भेटलेले दोघे भाऊ म्हणतात, "बहिणींचं काही नाही, त्यांची लग्नं झाली, आम्ही दोघं सही करतो, तुम्ही आमचा हिस्सा घ्या."

सूची दोनही काढली. आसपासच्या गावांत गेल्या तीन वर्षांत तयार घराचे मोजकेच व्यवहार आहेत, आणि त्यातला सगळ्यात मोठा २९ लाखांचा. क्लीव्हलँडकरांच्या रीतीने २९ चे ७० टक्के वीस, त्यातून १४ गेले की सहा. १८ देण्यात अर्थ नाही हे दिसतंय. तरी त्या घरात जीव अडकलाय, हेही खरं. नुसता हिस्सा घेऊन ठेवावा का?

कौलारू

नको. अजिबात नको. दोन गोष्टी.

मुलींचं "काही नाही" हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बोलायची सोय राहिलेली नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वडील २००५ ला हयात असण्याची अटही काढली. बहिणींनी स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं तर गोष्ट वेगळी. त्यांना विचारून, त्यांचा वाटा देऊन करा.

दुसरं, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला बाकीच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावायचा आणि बसायचं. तुमचं वय काय माहीत नाही, पण मुलांना वारसा म्हणून दावा द्यायचा असेल तरच हिस्सा घ्या.

जमिनीचं तर त्याहून आधी: बिनशेती नाही आणि तुम्ही शेतकरी नाही, म्हणजे आज खरेदीखत होऊच शकत नाही. त्यांनाच सांगा, आधी वारस नोंद करा, भूमी अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज द्या, घराखालचं आणि परसाचं क्षेत्र बिनशेती करून घ्या. खर्च कुणी करायचा ते बोलून ठरवा. तुम्ही केलात तर किमतीतून वजा, आणि ते नोंदणीकृत साठेखतात (पुढे विक्री करण्याच्या करारात) हयात सात जणांच्या आणि दोघा मयतांच्या वारसांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचं "हो दादा" चालत नाही.

रंधा

आणि तोपर्यंत त्यांची परवानगी घेऊन भिंतींच्या माथ्यावर जाड ताडपत्री टाका, दगडांनी नीट दाबा, पडवीतली पडलेली कौलं भिंतीपासून लांब काढा म्हणजे पाणी पायात मुरणार नाही. एका दिवसाचं काम, दोन गडी. घर तुम्ही घ्या, दुसरा घेवो किंवा त्यांचीच सून उद्या राहायला येवो, पण हा पावसाळा त्या भिंतींनी काढला पाहिजे. मी पुढच्या आठवड्यात साखरप्याला जातोय, वाटेत बघून येईन. वाडीचं नाव संदेशात कळवा.

पागोळी

रंधा, संदेश केलाय. ताडपत्री मी डोंबिवलीहून आणतो, शनिवारी सकाळी देवरुख एसटी स्टँडवर भेटू. मोठ्या भावाला फोन केला, तो बहिणींना विचारतो म्हणालाय.